आमच्या डोंगरावरचा तारांकित प्रश्न

आमच्या तांड्यात पटवारी पहिल्यांदा स्वतःच्या पायांनी चढून आला, तो माझ्यामुळे. त्याआधी कित्येक वर्षं तो खालच्या गावातल्या पारावर बसूनच आमचा डोंगर लिहायचा. गवत. पडीत. झुडपं. घाट उभा होता, त्याला दम्याचा त्रास होता, आणि वर पाहण्यासारखं काही नाही यावर त्याचं आणि आमचं न बोलताच एकमत होतं. प्रत्यक्षात त्या गवताच्या जागी आमची ज्वारी उभी असायची, कापूस असायचा, तूर असायची. तांड्यातलं एकूण एक घर त्यावर जगत होतं.

जमीन सरकारी होती, गुरं चारण्यासाठी राखलेली. आमच्याकडे तिला ई-क्लास म्हणतात. आमचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरणारे. मीठ आगगाडीनं जाऊ लागलं तेव्हा बैल रिकामे झाले. घाटंजीच्या पलीकडच्या या डोंगरावर त्यांनी तळ टाकला आणि त्याच बैलांना नांगर जुंपला. तळ उठलाच नाही. जमिनीचं कुणाला विचारलं नाही, कारण विचारावं असं तिथं कुणी नव्हतं.

मी तांड्यातला पहिला मॅट्रिक आणि पहिला बी.ए. हे सांगताना मी मान खाली घालत नाही. यवतमाळच्या कॉलेजात इतिहास आणि राज्यशास्त्र घेऊन मी पास झालो तेव्हा नायकानं स्वतः नंगारा वाजवला होता. नायक म्हणजे तांड्याचा मुख्य. लग्न, भांडण, दंड, सगळं त्याच्या शब्दावर. म्हातारा उंच होता, एका डोळ्यानं अधू, आणि हसायचा फार कमी. त्या दिवशी मात्र हसला. म्हणाला, "आता आपल्याले बी कागद वाचणारा माणूस झाला." घरात आम्ही आमच्या गोर, म्हणजे बंजारा बोलीतच बोलायचो. इथे मी ते वऱ्हाडीत लिहितो आहे, म्हणजे वाचणाऱ्याला अडायला नको.

एम.ए.साठी मी नागपूरला गेलो. विषय राज्यशास्त्र. तिथे एक सर होते, पुण्याकडचे, बारीक अंगाचे. वर्गात राज्यघटनेचं पुस्तक बंद करून बोलायचे. त्यांचं म्हणणं असं की विधानसभा न बघता राज्यशास्त्र शिकणं म्हणजे विहीर न बघता पोहणं शिकणं. महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते आणि हिवाळ्यात अधिवेशन नागपुरात भरू लागलं होतं. सरांनी दोन-चार आमदारांशी बोलून आम्हा काही विद्यार्थ्यांना त्यांच्या हाताखाली लावून दिलं. पत्रं लिहायची, कात्रणं काढायची, प्रश्न तयार करायचे. पगार नाही. "तुम्ही तुमच्याच भागाच्या आमदारांकडे जा," सर मला म्हणाले. "तुम्हाला तिथलं ठाऊक आहे. माहितीशिवाय विचारलेला प्रश्न म्हणजे हवेत मारलेला दगड."

दिवाळीच्या सुट्टीत मी यवतमाळला आमदारांच्या घरी जाऊन उभा राहिलो. ते ओसरीवर पायाला तेल चोळून घेत होते.

"कोण तू?"

मी सांगितलं.

"बीए काय? मंग बस. बीए माणसानं उभं राहू नये, मले बिचकल्यासारखं होते."

तेव्हापासून ते मला बीएच म्हणायचे. माणूस वाईट नव्हता. शेतकरी गडी, आवाज मोठा, लिहिण्याचा मात्र मनापासून कंटाळा. विधानसभेत प्रश्न विचारायचा तर आधी छापील फॉर्मवर लिहून, सही करून, महिनाभर अगोदर पाठवावा लागतो. ज्या प्रश्नाचं उत्तर सभागृहात तोंडी हवं त्यावर ताऱ्याची खूण करतात; त्याला तारांकित प्रश्न म्हणायचं. आमदारांनी कोऱ्या फॉर्मांचा एक गठ्ठा घेतला आणि प्रत्येकाच्या खाली सही ठोकत गेले.

"साहेब, आधी लिहिलेलं वाचून मग..."

"लेका, मी वाचत बसलो तं शेती कोण पाहीन? तू लिहिजो. रस्ते लिही, दवाखाना लिही, कापसाचा भाव लिही. आपल्या भागाचं काई राहू देऊ नको."

मी आठ दिवस लिहीत होतो. कळंबच्या रस्त्यावर लिहिलं, मारेगावकडच्या शाळेच्या छपरावर लिहिलं. नवव्या दिवशी एक कोरा फॉर्म उरला आणि मी आमचा डोंगर लिहिला.

तो मजकूर मला आजही पाठ आहे. "सन्माननीय महसूल मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय : (एक) घाटंजी भागातील अमुक तांड्यातील कुटुंबे अनेक वर्षांपासून सरकारी ई-क्लास जमीन वहीत करीत आहेत, हे खरे आहे काय? (दोन) असल्यास, याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली आहे अथवा करण्याचे योजिले आहे? (तीन) नसल्यास, विलंबाची कारणे काय?" वहीत म्हणजे नांगराखाली. मजकुरात सर्वे नंबर टाकले. घरं किती ते टाकलं. कोणत्या नाल्यापासून कोणत्या टेकडीपर्यंत, तेही टाकलं. सरांनी सांगितलं होतं ना, माहिती हवी. माझ्या मनात पट्टे होते, मालकीचे कागद. प्रश्न येईल, सरकारला कळेल की माणसं एवढी वर्षं कसतायत, आणि जमीन त्यांच्या नावावर होईल. राज्यशास्त्राच्या पुस्तकात असंच घडतं.

एक गोष्ट मी केली नाही. नायकाला विचारलं नाही. बाला, म्हणजे माझ्या वडिलांनाही नाही, याडीला, म्हणजे आईलाही नाही. त्यांना कळवलं, विचारलं नाही. नागपूरला परतल्यावर घरी पत्र टाकलं. खालच्या गावातला मास्तर ते वाचून दाखवणार, म्हणून सोप्या शब्दांत लिहिलं : "आपल्या जमिनीचं मी विधानसभेत विचारलं आहे. सरकारची माणसं येतील. त्यांना सगळं खरं दाखवा. भिऊ नका."

अधिवेशन सुरू झालं. आमदार निवासातल्या खोलीत मतदारसंघाचे लोक जमिनीवर सतरंज्या टाकून राहायचे. चटणी-भाकरीचा आणि संत्र्यांच्या सालीचा वास त्या खोलीतून जायचा नाही. मी सकाळी पासावर विधानसभेच्या इमारतीत जायचो, आमदारांच्या फायली घेऊन. एका सकाळी प्रश्नांची छापील यादी हातात पडली आणि तिच्यात माझा प्रश्न होता. नाव आमदारांचं, पण वाक्यं माझी. शब्द न् शब्द तसाच. मी ती यादी घडी न घालता वहीत ठेवून दिवसभर फिरलो.

प्रश्नांचे कागद सांभाळणाऱ्या कक्षात एक म्हातारे कारकून होते. यवतमाळचेच, मुसलमान घरातले. नागपूर जुन्या मध्य प्रदेशची राजधानी होतं तेव्हापासून याच कामात. जिल्हा एक म्हणून ते मला चहा पाजायचे आणि मी त्यांना चाचा म्हणायचो. मी यादी त्यांच्यापुढे ठेवली.

"चाचा, हा पाहा. हा म्या लिहिला."

त्यांनी चष्मा वर करून वाचला. परत वाचला. मग बशीतला चहा तसाच ठेवला.

"ये जो तांडा लिखा है, कुणाचा हाय?"

"आमचाच."

"तुमचा? मंग मियाँ, एवढे नंबर कायले टाकले?"

मी म्हणालो, माहितीशिवाय प्रश्न म्हणजे हवेत दगड.

"हवेत असता तं बरं होतं," ते म्हणाले. आवाज मात्र त्यांनी खाली आणला. "हे पाहा बेटा. तुमाले वाटते प्रश्न फक्त इथं येते. इथं येते थे शेवटी. आधी थे खात्यात जाते. खातं कलेक्टरले लिहिते, कलेक्टर तहसीलदाराले, तहसीलदार पटवाऱ्याले. अर्जंट. विधानसभेचा कागद म्हटला की लोक जेवत्या ताटावरून उठतात. आन तुमी इचारलं काय? कार्यवाही काय केली. आता त्यायले उत्तरात कार्यवाही दाखवा लागन. दाखवाची म्हणजे कराच लागन."

"पण कार्यवाही म्हणजे पट्टे देणं..."

"पट्ट्याचा शब्द हाय काय याच्यात?"

मी यादी पुन्हा वाचली. नव्हता. मला तो इतका उघड वाटला होता की मी लिहिलाच नव्हता.

चाचा म्हणाले, सरकारी जमीन सरकारी माणसाच्या डोळ्यांपुढं वहीत निघाली तर त्याच्याजवळ एकच रेडीमेड कार्यवाही असते. मग म्हणाले, "अजून वेळ हाय. मेंबरनं प्रश्न मागे घेतला तं उत्तर द्याचं काम नाही. कागद तिथंच थंडा पडते. साहेबाले आजच सांगा."

मी आमदार निवासाकडे निघालो, पण वाटेतच वसतिगृहाचा शिपाई भेटला. तुमचे वडील आले आहेत म्हणाला.

बा वसतिगृहाच्या पायऱ्यांवर बसला होता. नवं धोतर, खांद्यावर गाठोडं. मला बघून उठला आणि त्याचा चेहरा लग्नघरच्या माणसासारखा होता.

"आले थे," तो म्हणाला. "तू लिहिलं तसेच आले. पटवारी आला, त्याच्यावरचा साहेब आला, जंगलातला गार्ड आला. साखळी आनली होती मोजाले. पटवाऱ्याचा दम पाहून नायकानं त्याले बाजेवर बसवलं, दूध देल्लं. दोन दिस राह्यले. बकरा कापला."

"काय काय विचारलं त्यांनी?"

"कोन किती करते, एवढंच. सगळ्याईनं दाखवलं. तू खरं दाखवा म्हटलं होतं न." आणि इथं बा गालात हसला. "थोडं जास्तीच दाखवलं म्हण. नायकाचा धाकला म्हणे, जेवढं दाखवू तेवढं भेटन. मंग जो तो आपला बांध सरकवाले लागला. त्या पल्याडच्या सागाच्या पट्ट्यालगत कोनी नांगर लावला नाही, थे बी आपलंच सांगतलं."

"आणि बा, तू?"

"मी जेवढं हाय तेवढंच सांगतलं. मले मोजता येत नाही जास्तीचं."

"मग?"

"मंग कागद केला. अंगठे घेतले सगळ्याईचे." त्यानं उजवा अंगठा वर केला. शाई धुऊन गेलेली होती, नखाच्या कडेला निळी रेघ तेवढी राहिली होती. "याडीनं तुयासाठी तिळाचे लाडू पाठवले. केव्हा भेटते म्हणते पट्टा?"

मी त्याला त्या दिवशी खरं सांगितलं नाही. म्हणालो, बघतो. जेवायला घातलं, संध्याकाळच्या मोटारीत बसवून दिलं. मोटार सुटली तेव्हा तो खिडकीतून शेजारच्या माणसाला काहीतरी सांगत होता आणि माझ्याकडे बोट दाखवत होता.

तिथून थेट आमदारांकडे. त्यांच्यासमोर सगळं मांडलं : कोरा फॉर्म, माझा प्रश्न, पंचनामा, अंगठे. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. पहिल्यांदाच त्यांचा आवाज बारीक झालेला ऐकला.

"बीए, तू माह्या सहीनं तुया घरचं काम केलं."

"हो साहेब. चुकलं. पण प्रश्न मागं घ्या, चाचा म्हणतात अजून वेळ आहे."

"छापून आला थो. आता मागं घेतला तं पेपरवाले लिहितीन का आमदार भ्याला. निवडणूक कुठं हाय पाहिलं का? दारात." त्यांनी खालच्या गावाचं नाव घेतलं. "त्या गावची गुरं त्याच कुरणात चरतात. त्यायले आजवर ठाव नव्हतं का वर किती वहीत झालं थे. आता ठाव झालं. कालच चार जन येऊन गेले. म्हणत, साहेब, बरं केलं तुमी इचारलं."

"मग निदान उपप्रश्न विचारा. या कुटुंबांना जमीन नावावर करून देणार का, एवढंच. मी चिठ्ठी लिहून देतो."

"दे लिहून," ते म्हणाले.

प्रश्नाच्या दिवशी मी प्रेक्षकांच्या सज्जात होतो. खाली लाकडी बाकं, वर पंखे बंद, थंडीचे दिवस. प्रश्नोत्तराचा तास कसा चालतो ते मी परीक्षेच्या पेपरात दोन पानं लिहिलेलं होतं, पाहिलेलं नव्हतं. तो भराभर चालतो. आमदार उठून फक्त नंबर म्हणतात, प्रश्न कुणी वाचत नाही. समोरून उत्तर वाचलं जातं. आमचा नंबर आला. आमदार उठले, नंबर म्हणाले, बसले.

"(एक) हे खरे आहे. (दोन) सदर अतिक्रमणे दूर करण्याची कार्यवाही सुरू करण्यात आली आहे. (तीन) प्रश्न उद्भवत नाही."

मी सज्जातून आमदारांच्या हाताकडे पाहत होतो. चिठ्ठी त्यांच्या हातात होती. त्यांनी ती उघडली, वाचली, चष्म्याच्या डबीत ठेवली. मागच्या बाकावरून दुसऱ्याच एका सदस्यानं विचारलं, "ही कार्यवाही केव्हा पूर्ण होईल?" उत्तर आलं, "शक्य तितक्या लवकर." आणि पुढचा नंबर पुकारला गेला. तो कुठल्यातरी पुलाबद्दल होता आणि त्यावर सभागृहात हशा झाला. आमच्या डोंगराला एकंदर मिनिटभरही लागलं नसेल.

बाहेर चाचा भेटले. त्यांनी कामाचं तेवढं सांगितलं, आणि ते मी नीट ऐकून घेतलं. नोटीस येईल, प्रत्येकाच्या नावानं वेगळी. तिच्यात म्हणणं मांडायला काही दिवस दिलेले असतील. त्या मुदतीत ज्यानं स्वतःच्या अंगठ्यानिशी लेखी म्हणणं दिलं, त्याची चौकशी होईपर्यंत जमिनीला हात लावत नाहीत. ज्यानं दिलं नाही, त्याला कबूल आहे असं धरतात. "म्हणणं कच्चं असलं तरी चालते," चाचा म्हणाले. "पर देना पडता. आन एक जनानं सगळ्याईसाठी देल्लं तं चालत नाही."

मी दुसऱ्या दिवशी गावी निघालो. वाटेत घाटंजीच्या बाजारातून कागद घेतले, दोन दस्ते, आणि शाईचा पॅड.

तांड्यात नोटिसा माझ्या आधी पोचल्या होत्या. कोतवालानं घराघरात टाकल्या होत्या आणि कुणी त्या वाचून घेतल्या नव्हत्या. खालच्या मास्तराकडेही कुणी गेलं नव्हतं. नायकाच्या अंगणात नसाब बसली होती. नसाब म्हणजे आमची न्यायाची बैठक. पुरुष गोलात, बाया भिंतीशी. मला पाहून कुणी "केव्हा आला" म्हणालं नाही.

मी उभ्यानंच उत्तर सांगितलं, विधानसभेत जे झालं ते. एक शब्द गाळला नाही. नायकानं सगळं ऐकलं.

"तुले कोनी सांगतलं होतं इचाराले?" तो म्हणाला.

"कोणी नाही."

"माह्या बापानं या डोंगरावर पाल ठोकलं. मी इथं म्हातारा झालो. एवढ्या वर्षांत तांड्याच्या नावानं बाहेर बोलायचं तं आधी इथं बसून इचाराचं असते, हे तुले शिकवलं नाही काय कोनी?"

"शिकवलं."

"मंग तिथं कोनाच्या नावानं बोलला तू?"

मी प्रतिनिधित्वावर एम.ए.च्या पहिल्या वर्षात निबंध लिहिला होता. सरांनी त्याला वर्गात सर्वांत जास्त गुण दिले होते. त्यातलं एक वाक्यही त्या अंगणात कामाचं नव्हतं.

पण मी तिथं माफी मागायला गेलो नव्हतो, काम करायला गेलो होतो. म्हणून लगेच पुढचं बोललो. नोटिशीत दिवस किती आहेत ते सांगितलं. प्रत्येकाचं म्हणणं मी लिहितो, प्रत्येकानं आपला अंगठा द्यावा, एवढंच, मग मी ते स्वतः तहसिलीत नेऊन पोच घेतो. शाईचा पॅड उघडून मध्यभागी ठेवला.

नायकाचा धाकटा, ज्यानं बांध सरकवायची कल्पना काढली होती, तो बोलला.

"मांगच्या पंधरवड्यात अंगठा देल्ला, तं जमीन गेली. आता पुन्हा देऊ? आता काय नेतीन, घरं?"

"तो पंचनामा होता. हे वेगळं आहे. हे आपलं म्हणणं आहे."

"त्या दिवशी बी तुयंच पत्र होतं. खरं सांगा, भिऊ नका." तो हसला, पण नीट नाही. "कागद तोच, शाई तीच, लिहिणारा तूच. वेगळं काय हाय सांग."

भिंतीशी एक म्हातारी होती, माझ्या याडीची चुलती. ती म्हणाली, "काळ्या शाईले काळं पिल्लूच होते, बाबा." बायकांत कुणीतरी दबलेलं हसलं.

मी पुन्हा समजावलं. तिसऱ्यांदा समजावलं. कॉलेजात वादविवादाच्या स्पर्धेत मी बक्षिसं घेतली होती. पण त्या अंगणात मी जितकं नीट बोलत गेलो तितका त्यांचा संशय वाढत गेला. मला दिसत होतं ते. शेवटी नायकानं हात वर केला.

"ऐका. हा पोरगा आपला हाय. याच्या मनात वाईट नव्हतं. दंड नाही. पर आजपासून यानं तांड्याच्या नावानं कागद लिहाचा नाही. आन कोनी याच्या कागदावर अंगठा द्याचा नाही. सरकार आलं तं आमी बोलून घेऊ. आजवर बोलूनच राह्यलो."

निकाल झाला. नसाबीचा निकाल मोडायची आमच्यात रीत नाही.

मुदतीतले दिवस मी घरी बसून मोजले. रोज सकाळी कुणीतरी येईल असं वाटायचं. कुणी आलं नाही. मुदत संपायच्या आदल्या दिवशी बा शेतातून आला, हातपाय धुतले आणि माझ्यासमोर बसला.

"तू म्हणतो थे खरं हाय? अंगठा देल्ला तं थांबते?"

"थांबते. कायमचं नाही. चौकशीपर्यंत."

"मंग लिही माह्यापुरतं."

याडी चुलीशी होती. ती म्हणाली, "नायकानं नाही म्हटलं."

"नायकानं तांड्याच्या नावानं नाही म्हटलं," बा म्हणाला. "मी माह्या नावानं देतो. पोराले शिकवलं म्या. एखादा तं त्याचा कागद आपल्या कामी येऊ दे."

मी लिहिलं. पानभर, स्वच्छ अक्षरात. आजही म्हणतो, तो मी आयुष्यात लिहिलेला सगळ्यात चांगला कागद होता. बाचा अंगठा घेतला, घाटंजीला चालत गेलो, पोच घेतली.

पौषात सरकारी माणसं आली. सोबत पोलीस होते, पण त्यांना काही करावं लागलं नाही. नायक पुढे होऊन बोलू लागला तेव्हा नायब तहसीलदारानं त्याला यादी दाखवली आणि विचारलं, "तुमचं म्हणणं आलं नाही, म्हणजे तुम्हाला कबूल आहे ना?" नायकाला प्रश्नच समजला नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झालो आणि त्या अधिकाऱ्याचा प्रश्न नायकाला आमच्या बोलीत सांगितला.

मग खालच्या गावची गुरं वर आणून उभ्या तुरीत सोडली. शेवटच्या वेचणीचा कापूस तसाच होता. बाया मधूनमधून गुरांच्या पुढे पळत जाऊन मिळेल तेवढी बोंडं ओटीत तोडत होत्या आणि पोलीस त्यांना काही म्हणत नव्हते. दुपारपर्यंत डोंगराचा उतार पारावर बसून पटवारी लिहायचा तसाच झाला. एकाच शेताच्या कडेनं गार्डानं चुन्याची रेघ मारली आणि गुरं त्याच्या बाहेरून वळवली. ते आमचं होतं.

बाच्या चौकशीची तारीख पडली, लांबली, पुन्हा पडली. निवडणूक झाली आणि आमदार निवडून आले. मी एम.ए. झालो आणि यवतमाळच्या एका शाळेत लागलो. दर सुट्टीत वर जायचो तेव्हा दोनचार दारं बंद झालेली असायची. कुणी खडी फोडायच्या कामावर, कुणी पार आंध्राच्या बाजूला. ज्या लोकांनी बैल थांबवले होते त्यांची नातवंडं पुन्हा निघाली होती, फक्त आता बैल नव्हते.

पुढच्या वर्षी आमच्या शेतात कापूस फुटला. आमच्याकडे वेचणीला पाळीपाळीनं एकमेकांकडे जायची रीत आहे. मजुरी नाही, जेवण नाही, गाणी म्हणत जायचं आणि यायचं. आमच्या पाळीला कुणी आलं नाही. बोलावणं गेलं होतं. मी, बा, याडी आणि माझी बहीण असे चौघं वेचायला लागलो. तिसऱ्या दिवशी नायक काठी टेकत चुन्याच्या रेघेपर्यंत आला. रेघ पावसानं पुसली होती, पण ती कुठं होती ते सगळ्यांना ठाऊक होतं. तो आत आला नाही.

"रामराम, नायकदादा," बा म्हणाला.

"रामराम." त्यानं कापसाकडे पाहिलं. मग मला विचारलं, "माह्या धाकल्याले पत्र लिहून देतो काय? खडीच्या कामावर गेला थो. चार महिने झाले, पत्र नाही. माह्या नावानं लिही. तांड्याच्या नको."

मी हातातला कापूस ओटीत टाकला, हात पुसले आणि त्याच्याकडे गेलो. ठेकेदार कोण, गाव कोणतं, विचारलं. त्याला दोन्ही माहीत नव्हतं.

"मग पत्र कुठं पाठवू, दादा?"

"थे तू पाहा," नायक म्हणाला. "तुले कागद कोठी जाते थे ठाव असते."

मी तरीही पत्र लिहिलं. पाकिटावर फक्त धाकट्याचं नाव आलं. पत्त्याच्या जागी काय लिहावं ते मला सुचलं नाही. ते पाकीट बरेच दिवस माझ्याजवळ होतं.